उष्टावणानंतरची वाटी

उष्टावणाला मामा येतो, चांदीच्या वाटीतली खीर बाळाच्या जिभेला लावतो, फोटो निघतात. दुसऱ्या दिवसापासून बाळ पुन्हा दुधावर. फार तर वरणाचं पाणी, भाताची पेज. बाळ गुटगुटीत दिसतं, घरचे समाधानी असतात, आणि त्याच महिन्यांत त्याच्या अंगातलं लोह संपत आलेलं असतं.

पूर्ण दिवसांचं, चांगल्या वजनाचं बाळ जन्मताना लोहाचा साठा घेऊन येतं. तो साधारण सहा महिने पुरतो. आईच्या दुधात लोह थोडं असतं, पण ते बाळाच्या अंगी चांगलं लागतं. म्हणून पहिले सहा महिने निव्वळ आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नको, हे पुष्कळ घरांना आता पटलं आहे. त्यापुढचं पटायचं राहिलंय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सहा महिन्यांच्या आतल्या सुमारे ६४ टक्के बाळांना फक्त आईचं दूध मिळत होतं. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांत मात्र दुधाच्या जोडीला वरचा आहार मिळणारी निम्मीही नव्हती. त्याच पाहणीत सहा महिने ते पाच वर्षांच्या ६७ टक्के मुलांना रक्तक्षय आढळला, महाराष्ट्रात जवळजवळ ६९ टक्के. जंत, मलेरिया, सिकलसेल ही कारणंही असतात. पण वाटीत काय पडतं, हे निदान घरात बसून बदलता येतं.

गाई-म्हशीच्या दुधाने पोट भरतं, लोह मिळत नाही. उलट त्यातलं कॅल्शियम दुसऱ्या अन्नातलं लोहही नीट शोषू देत नाही. चहात बुडवलेलं बिस्किट तर द्यायलाच नको. वरणाचं म्हणाल, तर डाळ तळाशी बसते आणि आपण वरचं निवळ बाळाला भरवतो. तीच डाळ घोटून, मऊ भातात कालवून, वर तुपाची धार आणि लिंबाचे चार थेंब टाकून द्यावी. चमचा कलता केला तर घास ओघळू नये, इतपत घट्ट. लिंबामुळे डाळीतलं लोह शोषलं जायला मदत होते. ज्यांच्या घरी चालतं त्यांनी अंडं, नीट शिजवून कुस्करलेली कलेजी जरूर द्यावी. आशाताई देतात ते लोहाचं सिरप आठवड्यातून दोनदा, १ मिली. त्याने शी काळी होते, घरचे घाबरतात आणि बाटली फळीवर जाते. काळी शी होणारच, हे आशाताईंनी बाटली हातात देतानाच सांगायला हवं.

यात आईला बोल लावलेला मला सहन होत नाही. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायका स्वतःच रक्तक्षयी आहेत. उसाच्या फडात पहाटे कोयता घेऊन उतरणाऱ्या बाईने आठ महिन्यांच्या लेकराला दिवसातून तीनदा, अर्धा-अर्धा तास बसून कधी भरवायचं? भरवायला दूध उतरावं लागत नाही; ते बापाला जमतं, आजोबांना जमतं. अंगणवाडीत पाककृती दाखवतात तेव्हा समोर बहुधा बायकाच असतात. त्या सतरंजीवर बापही मांडी घालून बसलेले मला बघायचे आहेत.