मर्यादेतील माया



प्रेम म्हणजे कोणासही कधी नकार न देणे, अशी एक समजूत आपल्या कुटुंबांत रूढ आहे. नकार मिळाला की थोरांस वाटते माया आटली. आणि मनाविरुद्ध होकार देता देता धाकट्यांचे मन आतून कडू होते. साठलेले हे कडूपण एके दिवशी बाहेर पडते व नातेच तुटते. या बाबतीत संतचरित्र काय शिकविते ते आपण पाहू.

पैठणच्या श्रीएकनाथमहाराजांचे पुत्र हरिपंडित हे संस्कृतचे विद्वान. वडिलांनी प्राकृतात पुराण सांगावे व परान्न घ्यावे, हे न रुचून ते काशीस गेले. नाथ त्यांना आणावयास स्वतः काशीस गेले. पुत्राने दोन अटी घातल्या : प्राकृत ग्रंथ सांगू नये, परान्न घेऊ नये. नाथांनी त्या मान्य केल्या. पुढे सहस्रभोजनाचा संकल्प केलेली एक निर्धन बाई नाथांस जेवावयास बोलावू लागली. नाथांनी वचन चोरून मोडले नाही, बाईसही विन्मुख धाडले नाही. स्वयंपाक हरिपंडितांच्याच हातून झाला. नाथांचे उष्टे पान उचलताच त्याखाली दुसरे, अशी सहस्र पाने निघाली व पुत्राचा अभिमान गळाला, असे परंपरा सांगते.

येथे आम्हांस चमत्काराहून थोर वाटते ते हे, की अट उघड घातली गेली, प्रामाणिकपणे पाळली गेली, आणि तिच्यापायी वडिलांची माया तिळभरही उणावली नाही.

आपल्या बुऱ्हाणपुरातील कुंडी भंडाराही हेच सांगतो. खानखाना अब्दुर्रहीम यांच्या काळी, सन १६१५ च्या सुमारास तो बांधला गेला. वर पाहावे तर प्रत्येक कुंडी वेगळी, तिचा काठ तिच्यापुरता. खाली मात्र सातपुड्याकडून झिरपणारे एकच पाणी सर्वांतून वाहते. काठ ढासळला तर पाणी वाढत नाही, गढूळ होते.

म्हणून भावाने उसने मागितले व आपली ऐपत नसेल, तर समोर बसून गोड शब्दांत तसे सांगावे. पण त्याच्या दुखण्यात उशाशी रात्र जागावी. सुनेच्या पेटीस तिला विचारल्यावाचून हात लावू नये. पण तिच्या माहेरच्या माणसांस पंगतीत मानाने बसवावे. मात्र जेथे मारझोड होते तेथे मुकाट्याने सोसणे ही माया नव्हे. तेथे दूर होणे हाच धर्म होय.

आपल्या घरोघरी काठ शाबूत राहोत व आतील पाणी न आटो, हीच श्रीचरणी प्रार्थना.