कुठला माल?

रविवारी सकाळी मखमलाबाद रस्त्याला लागलेल्या नाशिककराला कुठे चाललात, असं कुणी विचारत नाही. मळ्यातली मिसळ खायला, दुसरं काय! द्राक्षाच्या मांडवाखाली टेबलं, बाजूला चुलीचा धूर, वाटीत मटकी, शेजारी पापड-दही आणि रश्श्याचं पातेलं घेऊन फिरणारा पोरगा. सुलाने 2005 साली गंगापूर धरणाजवळ वाइन चाखायची खोली उघडली, तेव्हा पैसे मोजून दुसऱ्याच्या मळ्यात बसायचं ही कल्पना आपल्याला नवीन होती. तोवर हुरडा खायला कुणी मळ्यात बोलवायचं आणि निघताना वर पिशवीभर पेरू द्यायचं. आता मिसळ, कॉफी, वाइन सगळंच शेतावर मिळतं आणि तिथेच एक दुकानही असतं. नागलीची बिस्किटं, बेदाणे, काकवी, इगतपुरीकडचा इंद्रायणी तांदूळ.

अशाच एका दुकानातून मी नागलीच्या पिठाचं पाकीट घेतलं. देखणं होतं. खाकी कागद, सुतळीची गाठ, वारली चित्रातली नाचणारी माणसं. मागे छापलं होतं, ‘नाशिक परिसरातील शेतकऱ्यांकडून’. गल्ल्यावरच्या मुलीला विचारलं, ‘परिसरातील म्हणजे कुठली?’ ती गोड हसली आणि म्हणाली, ‘सर, लोकलच आहे.’

लोकल. द्राक्षवाल्यांत या शब्दाचा अर्थ ठाऊक आहे का तिला? बागेत तोडणी होते तेव्हा एकसारख्या मण्यांचे, बिनडागी घड निर्यातीच्या पेटीत जातात. उरतो तो ‘लोकल’. तो आपल्या हातगाडीवर येतो. जानेवारी ते एप्रिल गल्लीगल्लीत द्राक्षं खाणारा नाशिककर बहुतेक वेळा युरोपने न घेतलेले घड खात असतो, आणि वर नाशिकच्या द्राक्षांना भौगोलिक मानांकन आहे म्हणून पाहुण्यांना अभिमानाने सांगत असतो.

त्या युरोपच्या पेटीवरचे आकडे मात्र वाचण्यासारखे असतात. निर्यातीच्या बागेची ‘ग्रेपनेट’वर नोंद असते आणि त्या नोंदीवरून माल कुणाच्या कुठल्या बागेतला, इथपर्यंत मागे जाता येतं. 2010 च्या हंगामात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वॉट क्लोराइडचे अंश सापडले आणि युरोपने माल नाकारला. वेलीची वाढ रोखायला वापरायचं ते संजीवक. बागाईतदार त्याला सीसीसी म्हणतात. त्या साली कितीतरी घरं कर्जात गेली. त्याच सुमारास दिंडोरी तालुक्यात मोहाडीला विलास शिंदे आणि त्यांच्यासोबतच्या शेतकऱ्यांनी सह्याद्री फार्म्स ही शेतकऱ्यांची कंपनी उभी करायला घेतली. कुठला माल, कुणी पिकवला, काय फवारलं, याचा हिशेब ठेवल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, हे या जिल्ह्याने फार महाग किंमत मोजून शिकलंय.

म्हणून शेतावरच्या या दुकानांना नावं ठेवणाऱ्यांतला मी नाही. भाव जास्त असतात, असू देत. बागेत बसून खाल्लं, समोर वेल दिसला, तर निदान माल कुठून आला हा प्रश्न तरी डोक्यात येतो. मात्र एवढे पैसे घेतल्यावर गावाचं नाव छापायला काय हरकत आहे? पेठ, सुरगाणा, हरसूल. राब भाजून रोपं करायची, पावसात उतारावर वाकून ती लावायची, मग कापायची, झोडपायची. एवढं करणाऱ्या माणसाच्या गावाला कागदावर ‘परिसर’ म्हणायचं, हे काही बरं नाही.

हे मी मोठ्या तोंडाने घरी सांगत होतो. बायकोने ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘तुमची ती बुधवारची बाई कुठली?’

बुधवारी गंगेवर बाजार भरतो. (गोदावरीला गंगाच म्हणायचं, बाहेरच्यांनी गोंधळू नये.) तिथे एका बाईकडून मी चार-पाच वर्षं नागली घेतोय. पावसाळ्यात तिच्याकडे करटुली असतात. गोणपाटावर ढीग, ॲल्युमिनियमचं माप, माप भरल्यावर वर एक मूठ. त्या मुठीसकट तिचा सगळा व्यवहार मला पाठ आहे. दर खेपेला पाच-दहा रुपयांसाठी घासाघीसही करतो. दुकानात त्या पाकिटाला दुप्पट मोजताना मात्र तोंडातून शब्द निघाला नव्हता. तिच्या बोलण्यावरून ती वरच्या, पेठेकडच्या अंगाची असावी, असं मला वाटतं. असावी. युरोपातला गिऱ्हाईक हजारो मैलांवरून बाग शोधून काढतो आणि मी तिच्यासमोर उकिडवा बसून इतकी वर्षं फक्त ‘कशी दिली?’ एवढंच विचारतोय.

पुढच्या बुधवारी आधी गाव विचारणार आहे.