मागच्या पानावरचं देणं

नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात एक किराणा दुकानदार राहत होता. 1831 साली अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं, आणि पुढे आसपासच्या गावांतून ख्रिस्ती मंडळ्या उभ्या राहिल्या. या गावातही काही ख्रिस्ती घरं होती आणि एक लहान दगडी चर्च होतं. दुकानदार त्या मंडळीचा पंच होता.

माणूस व्यवहाराला चोख. त्याच्या मापात पाप नव्हतं. त्याची उधारीची वही तर गावभर माहीत होती. कोणी "बाजाराच्या दिवशी पैसे देतो" म्हणालं, की पुडी बांधायच्या आधी ते वहीत उतरायचं. पुढच्या पानांवर लोकांकडून येणं. मागच्या पानांवर त्याचं स्वतःचं देणं : गूळवाल्याचं, रॉकेलवाल्याचं, तालुक्याच्या घाऊक व्यापाऱ्याचं. "लिहिला नाही तो शब्द बुडाला," असं तो म्हणायचा.

त्याची आणखी एक सवय होती. दुकानाच्या पायरीवर उभं राहून कोणी आपलं दुःख सांगितलं, की तो हातातला तराजू थांबवायचा, सगळं ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "काळजी करू नका. मी प्रार्थना करतो तुमच्यासाठी."

सांगणाऱ्याला बरं वाटायचं. त्यालाही बरं वाटायचं. तो ढोंगी नव्हता, हे इथं सांगायलाच हवं. त्या घटकेला त्याच्या मनात खरा कळवळा असायचा. दुसऱ्याचं दुःख ऐकलं की काय बोलावं ते आपल्यालाही सुचत नाही, तसं त्यालाही सुचत नसे. मग तेवढं एक वाक्य तोंडातून निघायचं. तो माणूस पायरी उतरायचा, पुढचं गिऱ्हाईक साखर मागायचं आणि वाक्य तिथंच राहायचं.

मग 1972 चा दुष्काळ आला. विहिरी आटल्या. गुरं छावणीला गेली. धडधाकट माणसं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागली. दुकानात उधारी वाढली आणि पायरीवर सांगायची दुःखंही वाढली.

दुकानदाराला एकट्याला काम आवरेना. त्यानं एक पोरगा हाताशी ठेवला. पोरग्याचे आईबाप खडीच्या कामावर होते. त्याची चौथी झालेली होती आणि अक्षर चांगलं होतं. पहिल्याच दिवशी दुकानदारानं त्याच्या हातात वही दिली.

"हे बघ," तो म्हणाला, "या दुकानात जो शब्द दिला जाईल, तो लिहायचा. लोकांनी आपल्याला दिला तर पुढून. आपण लोकांना दिला तर मागून. फेडला की त्यावर रेघ मारायची. फेडल्याशिवाय रेघ मारायची नाही. समजलं?"

"समजलं, काका," पोरगा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी एक शेतकरी मीठ न्यायला आला. त्याची बायको पोटाच्या दुखण्यानं मिशनच्या दवाखान्यात होती. ऑपरेशन सांगितलं होतं. दुकानदार म्हणाला, "रोज प्रार्थना करतो मी तिच्यासाठी."

पोरग्यानं वही उलटी केली आणि मागच्या पानावर लिहिलं.

पुढच्या आठवड्यात एक म्हातारा सुतार आला. दम्यानं त्याला पायरीसुद्धा चढवेना. "रात्र जात नाही, दादा," तो म्हणाला. दुकानदारानं त्याला पाणी दिलं. "रात्री दुकान बंद केलं, की पहिलं तुमचं नाव घेईन देवापुढे," तो म्हणाला.

पोरग्यानं तेही लिहिलं.

एक बाई आली. तिचा मुलगा मुंबईला काम शोधायला गेला होता. त्याचं पत्र नव्हतं. तिलाही शब्द मिळाला. पोरग्यानं तोही लिहिला. असं वर्षभर चाललं.

31 डिसेंबरला दुकानदारानं हिशेब काढायला घेतला. रात्री चर्चमध्ये सरत्या वर्षाची उपासना होती आणि त्याआधी वही मिटवायची त्याची रीत होती. पुढची पानं झाली. त्यानं मागची पानं उघडली.

गूळवाल्याचे साडेबारा रुपये. त्यावर रेघ.

रॉकेलवाल्याचे चार रुपये. रेघ.

शेतकऱ्याच्या बायकोसाठी प्रार्थना, रोज. रेघ नाही.

सुतारबाबांसाठी प्रार्थना, रात्री, दुकान बंद केल्यावर, पहिलं नाव. रेघ नाही.

मुंबईच्या मुलासाठी प्रार्थना, पत्र येईपर्यंत. रेघ नाही.

दुकानदारानं पान उलटलं. पुढंही तेच. त्याच्या पुढंही तेच.

"हे काय लिहून ठेवलंस?" तो ओरडला.

पोरगा घाबरला. "तुम्हीच सांगितलं होतं, काका. दिलेला शब्द मागून लिहायचा."

"किती आहेत असे?"

"सदतीस."

दुकानदार गप्प झाला. पोरग्यानं कानावरची पेन्सिल काढली. "यातले फेडले कोणते, ते सांगा," तो म्हणाला. "मी रेघा मारायला थांबलोय."

दुकानदारानं सदतीसही नावं पुन्हा वाचली. मग वही मिटली. एकाही नावावर रेघ मारता आली नाही.

त्या रात्री उपासना संपल्यावर तो पाळकसाहेबांच्या घरी गेला. त्यांच्यापुढं वही ठेवली. "मी आजच सगळ्यांसाठी एकदम प्रार्थना करून टाकतो," तो म्हणाला. "म्हणजे नवं वर्ष कोरं सुरू होईल."

पाळकसाहेबांनी वही वाचली. ते हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. "करा," ते म्हणाले. "पहिल्या नावापासून करा."

दुकानदार गुडघ्यांवर आला. त्यानं डोळे मिटले. "हे प्रभू, त्या शेतकऱ्याच्या बायकोला..." आणि तो अडला. तिचं नाव त्याला ठाऊक नव्हतं. ऑपरेशन झालं की नाही, ठाऊक नव्हतं. ती घरी आली की नाही, तेही ठाऊक नव्हतं.

त्यानं डोळे उघडले. "देवाला तर सगळं माहीत आहे ना, साहेब?"

"देवाला माहीत आहे," पाळकसाहेब म्हणाले. "पण देवापुढे तुम्ही उभे राहणार आहात. कोणासाठी आलो आहोत, हे तुम्हाला माहीत नको?"

मग ते म्हणाले, "प्रभू पकडला जाणार होता, त्या रात्रीची गोष्ट आठवा. पेत्र डळमळणार हे त्याला दिसत होतं. तुझ्यासाठी मी मागितलं आहे, असं त्यानं पेत्राला सांगितलं. त्याची प्रार्थना आधीच झालेली होती, सांगणं मागून आलं. आपण सांगून मोकळे होतो आणि करायचं राहून जातं."

दुसऱ्या दिवशी, नव्या वर्षाच्या सकाळी, दुकानदार वही घेऊन निघाला. बरोबर पोरगा होता.

शेतकऱ्याच्या घरी त्याची बायको चुलीपुढं बसली होती. ती केव्हाच बरी झाली होती. दोनदा त्याच्याच दुकानातून मीठ-मिरची घेऊन गेली होती. त्यानं दोन्ही वेळा पैसे मोजून घेतले होते, विचारलं काहीच नव्हतं. आज त्यानं तिचं नाव विचारलं. मग सगळ्यांनी मिळून देवाचे उपकार मानले. उठताना त्याचं लक्ष गोठ्याकडे गेलं. तिथं एकच बैल होता.

"दुसरा विकला," शेतकरी म्हणाला. "दवाखान्यासाठी."

दुकानदार काही बोलला नाही. पेरणीच्या वेळी मात्र त्याच्या गाडीचा बैल त्या शेतात चालताना लोकांनी पाहिला. ज्याच्यासाठी प्रार्थना करायची त्याच्या घरी गेलं, की गोठाही दिसतो. एकदा दिसला, की नुसतं आमेन म्हणून परत येता येत नाही.

मग ते सुताराच्या घरी गेले.

सुतार ऑगस्टमध्येच वारला होता. दुकानदार त्याच्या मातीलाही गेला होता. पण दिलेला शब्द तेव्हा त्याला आठवला नव्हता. म्हातारी ओट्यावर बसून रेशनची तांबडी मिलो ज्वारी निवडत होती. सुपातले खडे ती बोटानं बाजूला सारत होती.

"या दादा," ती म्हणाली. "बरं झालं आलात. तुमचे उपकार मानायचे राहूनच गेले होते."

"कसले उपकार, आजी?"

"तुम्ही त्यांच्यासाठी प्रार्थना करत होता ना, त्याचे. रात्री त्यांना श्वास लागायचा. उठून बसायचे. मला विचारायचे, दुकान बंद झालं असेल का गं? मी म्हणायची, झालं असेल. मग म्हणायचे, म्हणजे आता माझं नाव घेतलं असेल त्यांनी. आणि आडवे व्हायचे. तेवढा वेळ त्यांना झोप लागायची."

दुकानदारानं पोरग्याकडे पाहिलं. पोरगा वहीकडे पाहत होता.

तिथून तसंच उठता आलं असतं. म्हातारीला कधीच काही कळलं नसतं. पण तो उठला नाही.

"आजी," तो म्हणाला, "मी एकदाही केली नाही."

म्हातारीचं बोट सुपात थांबलं. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग तिनं सूप बाजूला ठेवलं.

"त्यांचा भरवसा देवावर होता," ती म्हणाली. "तो काही वाया गेला नाही. पण रात्री ते समजायचे, की आपल्या बाजूनं एक माणूस देवापुढे उभा आहे. तो माणूस तिथं नव्हता."

"माझं चुकलं, आजी. आता मी काय करू? कशी फेड करू?"

"त्यांच्यासाठी आता मागायचं काही राहिलं नाही. ते देवाजवळ आहेत," म्हातारी म्हणाली. "माझ्यासाठी करा. आता मला झोप येत नाही. आणि मी सकाळी दुकानावर येऊन विचारीन, काल केलीत का म्हणून."

पोरग्यानं पेन्सिल काढली. "काय लिहू, आजी?"

"झोप," म्हातारी म्हणाली.

मुंबईला गेलेल्या मुलाचं पत्र अजून आलं नव्हतं. त्याच्या आईनं चटई टाकली. तिघं प्रार्थनेला बसले. आईनं मुलाचं नाव घेतलं, तसं दुकानदारानंही घेतलं. उठल्यावर त्यानं विचारलं, "शेवटचं पत्र कुठून आलं होतं?" तिनं ट्रंकेतून एक जुनं कार्ड काढलं. त्यावरचा पत्ता पोरग्यानं उतरून घेतला. त्याच संध्याकाळी दुकानदारानं मुंबईच्या एका मंडळीच्या पाळकांना पत्र टाकलं, या मुलाचा तपास करा म्हणून.

सदतीस घरं व्हायला पंधरा दिवस लागले. दुपारी दुकान बंद ठेवून तो जायचा. काही घरी उपकार मानायचे होते, काही घरी क्षमा मागायची होती. दोन घरी त्याला पायरीवरूनच परत पाठवलं. तेही त्यानं ऐकून घेतलं.

त्यानंतर दुकानाची रीत बदलली. कोणी प्रार्थनेची विनंती केली, की दुकानदार तराजू खाली ठेवायचा. नाव विचारायचा, अडचण काय ते विचारायचा आणि तिथंच, पोत्यांच्या मध्ये उभा राहून, दोन वाक्यांत प्रार्थना करायचा. मागची गिऱ्हाइकं थांबायची. रोजची प्रार्थना कबूल केली, तर ती वहीत जायची आणि पहाटे वही उघडून तो एकेक नाव घ्यायचा. कधी कधी तो म्हणायचा, "आत्ता तुमच्याबरोबर करतो. पण रोज करीन असं सांगत नाही, माझ्यानं होणार नाही." हे ऐकून काही लोक दुखावले. पूर्वीचा दुकानदार किती मायाळू होता, असं म्हणू लागले.

तेव्हा सुताराची म्हातारी त्यांना म्हणायची, "पूर्वी तो शब्द फुकट वाटत होता. आता पदरचं देतो."

ती रोज सकाळी दुकानावर यायची. "काल केलीत?" एवढंच विचारायची. आठवड्यातून एखाद्या दिवशी त्याला "नाही" म्हणावं लागायचं. मग ती पायरीवर बसून राहायची आणि तो आधी प्रार्थना करायचा, मग दुकान उघडायचा.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. छावणीतली गुरं परत आली. पोरगा पुन्हा शाळेत जाऊ लागला, तरी संध्याकाळी वही लिहायला यायचा. मुंबईच्या पाळकांचं उत्तर आलं : त्या पत्त्यावर मुलगा नाही, शोध चालू आहे. पोरग्यानं विचारलं, "काका, यावर रेघ मारायची का?"

"पत्र येईपर्यंत, असं लिहिलं आहेस ना?" दुकानदार म्हणाला. "मग आलंय का पत्र?"

वही भरली, तेव्हा पोरग्यानं ते नाव नव्या वहीच्या मागच्या पानावर पहिल्या ओळीत उतरून घेतलं.

शमुवेल संदेष्टा म्हातारा झाला होता आणि लोकांनी त्याचं मन दुखावलं होतं, तरी त्यांच्यासाठी प्रार्थना सोडणं म्हणजे देवाचा अपराध, असं तो मानत होता. "तुमच्यासाठी प्रार्थना करीन" हा शब्द माणसाला दिला, तरी त्याचा हिशेब देवापाशी असतो. म्हणून तुम्हाला कोणी प्रार्थना मागितली, तर आधी त्याचं नाव विचारा, त्याचं दुःख नीट ऐकून घ्या आणि जमत असेल तर तिथंच त्याच्याबरोबर डोकं लववा. आणि पूर्वी कोणाला दिलेला शब्द राहून गेला असेल, तर आजच त्याच्या घरी जा.