उताऱ्याच्या आधारे

कर्जत आणि खालापूर या रायगड जिल्ह्यातील अंतर्भागातल्या तालुक्यांत, म्हणजे एका बाजूला भीमाशंकर-राजमाचीचे कडे आणि दुसऱ्या बाजूला खोपोलीचे कारखाने असलेल्या पट्ट्यात, पाचवीतल्या मुलांचा हिवाळा बहुधा सराव प्रश्नसंचांत जातो. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या शिष्यवृत्ती परीक्षेतील पहिल्या पेपरात प्रथम भाषेचे २५ आणि गणिताचे ५० असे ७५ प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात. माणगाव तालुक्यातील निजामपूरच्या जवाहर नवोदय विद्यालयात सहावीला प्रवेश मिळवून देणाऱ्या निवड चाचणीत भाषेच्या विभागात चार उतारे आणि प्रत्येकाखाली पाच प्रश्न असतात. दोन्हीकडे सूचनेचा आशय एकच असतो : उतारा वाचावा आणि त्याच्या आधारे चार पर्यायांतून अचूक पर्याय निवडावा. ही सूचना सवयीने इतकी गुळगुळीत झाली आहे की तिच्यात ज्ञानमीमांसेचा, म्हणजे माणसाला जे कळते ते कशाच्या बळावर कळते या विचाराचा, एक जुना आणि न सुटलेला प्रश्न दडलेला आहे हे सहसा लक्षात येत नाही. दुसऱ्याच्या शब्दांवरून होणारे ज्ञान हे खरोखर ज्ञान असते की ती केवळ संमती असते, आणि वाक्याचा अर्थ एकच असतो असे कोणत्या अधिकाराने म्हणता येते, असा तो प्रश्न आहे.

भारतीय दर्शनांनी ज्ञानाच्या साधनांना ‘प्रमाण’ म्हटले. डोळ्यांनी दिसते ते प्रत्यक्ष, खुणेवरून ताडले जाते ते अनुमान, आणि विश्वसनीय वचनावरून कळते ते शब्दप्रमाण. चार्वाकांनी शब्दाला प्रमाण मानले नाही, बौद्ध आणि वैशेषिकांनी त्याला अनुमानाच्या पोटात घातले, नैयायिक आणि मीमांसकांनी मात्र त्याचे स्वतंत्र स्थान राखले. ‘उताऱ्याच्या आधारे’ ही सूचना या वादात मुकाट्याने एक बाजू घेते, आणि तीही टोकाची, कारण ती मुलाला प्रत्यक्षाचा आधार घेण्यास मनाई करते.

ही मनाई किती खोल जाते हे भातशेतीवरच्या एखाद्या साध्या उताऱ्यावरून दिसेल. समजा, उताऱ्यात असे लिहिले आहे की कोकणातले शेतकरी पावसाआधी पालापाचोळा आणि शेण जमिनीवर पसरून राब भाजतात, त्यामुळे तणाचे बी मरते. आणि खाली प्रश्न आहे की शेतकरी राब कशासाठी भाजतात. तण मरावे म्हणून, राखेचे खत मिळावे म्हणून, रोप सहज उपटता यावे म्हणून आणि पाऊस लवकर यावा म्हणून, असे चार पर्याय आहेत. कशेळे किंवा चौक परिसरातल्या शेतकऱ्याच्या मुलीने घरच्यांबरोबर राब भाजलेला असतो आणि आवण, म्हणजे भाताची रोपे, काढतानाही ती बांधावर असते, त्यामुळे पहिले तिन्ही पर्याय तिला खरे म्हणून ठाऊक असतात. गुण मात्र पहिल्यालाच मिळतो. शहरातल्या ज्या मुलाने राब कधी पाहिला नाही त्याची अडचणच होत नाही, कारण उताऱ्याशी स्पर्धा करणारे काही त्याच्याजवळ नसते. अनुभव जितका संपन्न तितकी चूक होण्याची शक्यता जास्त, असा हा उफराटा हिशेब आहे, आणि खेड्यातल्या मुलांना ‘वाचून समजत नाही’ असा शेरा मिळतो तेव्हा त्यामागे पुष्कळदा न समजणे नसून जास्त समजणे असते.

तरीही या मनाईला निव्वळ अन्याय म्हणणे घाईचे होईल. समोरचा काय म्हणतो आहे हे आपल्याला काय ठाऊक आहे यापासून वेगळे धरता येणे ही दुर्मीळ शिस्त आहे, आणि ती मोठ्या विद्वानांनाही साधत नाही. बृहदारण्यकोपनिषदात याज्ञवल्क्य मैत्रेयीला श्रवण, मनन आणि निदिध्यासन असा क्रम सांगतो. वेदान्ताच्या परंपरेत श्रवण म्हणजे कानावर शब्द पडणे नव्हे. वचनांचे तात्पर्य, म्हणजे ती कशाकडे रोख धरून आहेत, हे ठरवणे म्हणजे श्रवण. ते पटते की नाही हा प्रश्न मननाच्या पायरीवर येतो. उताऱ्याचा सराव हा या अर्थाने श्रवणाचा सराव आहे. राब भाजलेल्या मुलीने आपले ज्ञान खोटे मानायचे नसते. उताऱ्याने त्यातले किती सांगितले आणि किती सांगितले नाही याची रेघ तिला ओढता यायला हवी. ही रेघ ओढता न येणारे प्रौढ वाचक वर्तमानपत्रातल्या बातमीत आपल्याला हवे ते वाचतात आणि पुढे तेच भांडणात पुरावा म्हणून मांडतात.

अडचण वेगळीकडे आहे. न्यायसूत्रकार गौतमाने शब्दप्रमाणाची व्याख्या करताना बोलणारा आप्त असावा, म्हणजे विषय स्वतः जाणणारा आणि तो खरेपणाने सांगणारा असावा, अशी अट घातली. मीमांसकांनी वेदापुरता याच्या उलट पवित्रा घेतला : वेदाला कर्ताच नाही, म्हणून कर्त्याच्या अज्ञानाचा किंवा लबाडीचा दोष त्याला लागू शकत नाही, आणि बाधक काही पुढे येईपर्यंत त्याचे प्रामाण्य स्वतःसिद्ध आहे. सराव प्रश्नसंचातला उतारा बहुधा निनावी असतो. तो कोणी लिहिला, केव्हा लिहिला, लिहिणाऱ्याला राबाची माहिती होती का, हे विचारण्याची सोय नसते. वेदाबाहेर कशालाही अपौरुषेय, म्हणजे कर्त्याविना असलेले, न मानणाऱ्या मीमांसक कुमारिलभट्टाला हा मान सराव प्रश्नसंचाला दिलेला पाहून काय वाटले असते, हा विचार गमतीचा आहे. पण दहा वर्षांच्या मुलाला छापील निनावी मजकुरावर वर्षानुवर्षे प्रश्न न विचारता विसंबण्याची सवय लागते, ही गोष्ट गमतीची नाही.

मीमांसेचा उल्लेख येथे आणखी एका कारणाने करावा लागतो. छोटा उतारा, त्यावर प्रश्न आणि संभाव्य उत्तरांची मांडणी हा प्रकार आधुनिक आणि परदेशी मानला जातो, आणि इतिहासदृष्ट्या ते खरेही आहे. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात फ्रेडरिक केली यांनी १९१४-१५च्या सुमारास तयार केलेली मूकवाचनाची चाचणी ही या प्रकारच्या पहिल्या चाचण्यांपैकी एक मानतात, आणि प्रत्येक प्रश्नाचा अर्थ एकच निघावा, तपासणाऱ्याच्या लहरीला वाव राहू नये, हा त्यांचा आग्रह होता. परंतु विचाराचा घाट म्हणून पाहिले तर जैमिनीच्या मीमांसासूत्रांवर उभी राहिलेली ‘अधिकरण’ ही रचना याच्या आश्चर्यकारक जवळ जाते. अधिकरण म्हणजे विचाराचा एक पूर्ण घटक. त्यात आधी विषय, म्हणजे विचारार्थ घेतलेले वाक्य, येते. मग त्याच्या अर्थाविषयी संशय. मग पूर्वपक्ष, म्हणजे सकृद्दर्शनी पटणारा पण टिकणार नसलेला अर्थ. मग उत्तरपक्ष आणि शेवटी निर्णय. चांगला प्रश्न तयार करणारा शिक्षक जे तीन चुकीचे पर्याय लिहितो ते खरे तर तीन पूर्वपक्ष असतात, आणि ते जितके पटण्याजोगे तितका प्रश्न चांगला.

फरक आहे तो मधल्या मजकुराचा. अधिकरणात पूर्वपक्षाला त्याचे म्हणणे पूर्ण बळाने मांडू द्यावे लागते, आणि तो का पडतो हे दाखवल्याखेरीज निर्णयाला अर्थ नसतो. अर्थ ठरवण्याच्या खुणाही परंपरेने निश्चित केल्या आहेत : आरंभ आणि शेवट यांची एकवाक्यता, पुन्हा पुन्हा येणारी गोष्ट, नव्याने सांगितलेली गोष्ट, फळ, स्तुती-निंदेचा भाग आणि युक्तिवाद. लोकमान्य टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त गीतेचे तात्पर्य ठरवताना याच कसोट्या हाती घेतल्या, त्यांचा निष्कर्ष सर्वांना पटला नाही, पण तो कसा काढला हे पायरीपायरीने दिसत असल्यामुळे त्याच्याशी भांडता आले. उत्तरपत्रिकेवरच्या काळ्या केलेल्या वर्तुळाशी भांडता येत नाही, कारण तेथे निर्णय उरतो आणि त्यापर्यंत नेणारी वाट पुसली जाते.

वाट पुसली गेल्याचा परिणाम काय होतो, हे बाराव्या शतकातल्या श्रीहर्षाने ‘खण्डनखण्डखाद्य’ या ग्रंथात एका खोडकर उदाहरणाने दाखवले आहे. एकाने मूठ बंद करून हातात किती कवड्या आहेत असे विचारले. दुसऱ्याने अंदाजाने पाच म्हटले. मूठ उघडली तर पाचच निघाल्या. उत्तर वस्तुस्थितीला धरून आहे, मग ते ज्ञान का नव्हे? ज्ञानाची कोणतीही व्याख्या केली तरी अशी योगायोगाची सत्ये तिच्यात घुसतात, हे दाखवून नैयायिकांना अडचणीत आणण्याचा श्रीहर्षाचा डाव होता. एडमंड गेटिये यांनी १९६३ साली काही पानांच्या लेखात याच जातीचा पेच मांडला आणि पाश्चात्त्य तत्त्वज्ञान त्यावर अद्याप लिहीत आहे. चार पर्यायांच्या प्रश्नात बंद मूठ दर वेळी समोर असते : डोळे मिटून खूण केली तरी चारांत एकदा ती बरोबर येण्याचा संभव असतो, आणि नवोदयच्या चाचणीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नसल्याने अंदाज करणे शहाणपणाचेच ठरते. ज्याला कळले त्याची आणि ज्याचे जमले त्याची खूण एकसारखीच दिसते. शिवाय सरावाने आणखी एक मधली जात तयार होते. सर्वांत लांब पर्याय बहुधा बरोबर असतो, ‘नेहमी’ किंवा ‘कधीच नाही’ असे शब्द असलेला पर्याय बहुधा चूक असतो, अशा खुणा पाठ झालेले मूल अंदाज करत नाही, अनुमान करते. फक्त ते अनुमान उताऱ्याविषयी नसून प्रश्न काढणाऱ्याविषयी असते.

केलींच्या एकार्थतेच्या आग्रहाला महाराष्ट्रातच एक अपवाद केला गेला आहे. आठवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेत कमाल २० टक्के प्रश्नांना दोन पर्याय अचूक असतात आणि दोन्ही नोंदवणे बंधनकारक असते. शिकवण्या घेणारे या नियमाला काठिण्य वाढवण्याची युक्ती समजतात, पण तत्त्वतः तो फार मोठी कबुली देतो. मीमांसकांनी समुच्चय आणि विकल्प यांत भेद केला : दोन्ही गोष्टी मिळून करायच्या तो समुच्चय, दोहोंपैकी कोणतीही एक पुरते तो विकल्प, आणि यज्ञात तांदूळ वापरावा किंवा जव हे विकल्पाचे ठरलेले उदाहरण. विकल्प मानला की आठ दोष पदरात येतात, म्हणून दुसरी वाट असेपर्यंत तो मानू नये, असा त्यांचा दंडक होता. आठवीचा नियम समुच्चयाचा आहे. एका वाक्यातून दोन अर्थ एकाच वेळी खरेपणाने निघू शकतात, आणि एकावर थांबणारा वाचक अर्धाच वाचक असतो, हे तो मान्य करतो. पाचवीपर्यंत एकच सत्य आणि आठवीला दोन, ही चढण मात्र कोणी मुलांना समजावून देत नाही.

जेथे एकही पर्याय धरवत नाही असे उतारेही असतात, आणि त्यांतला एक कर्जत तालुक्यातच खडकावर कोरलेला आहे. राजमाचीच्या पायथ्याला कोंदिवड्याजवळ असलेल्या कोंडाण्याच्या प्राचीन बौद्ध लेण्यात चैत्यगृहाच्या दर्शनी भागी एका भग्न मूर्तीशेजारी ब्राह्मी लिपीतला एका ओळीचा प्राकृत लेख आहे : कण्हाचा शिष्य बलक याने हे केले, एवढाच त्याचा आशय. शिष्यासाठी वापरलेला ‘अंतेवासी’ हा शब्द भिक्षूच्या चेल्याला लागतो तसा कारागिराच्या हाताखाली शिकणाऱ्यालाही लागतो. बलक भिक्षू होता की शिल्पी, त्याने स्वतः घडवले की घडवून घेतले, आणि ‘हे’ म्हणजे मूर्ती की सारे लेणे, यांपैकी काहीही ती एक ओळ एकटी सांगत नाही. या लेखावर प्रश्न काढला तर प्रामाणिक उत्तर ‘उताऱ्यावरून सांगता येत नाही’ हेच येईल. संशय ही न्यायदर्शनाने मानलेल्या सोळा पदार्थांपैकी, म्हणजे विचारविषयांपैकी, एक गोष्ट आहे, ती अज्ञानाची खूण नाही. तरी हा पाचवा पर्याय सराव प्रश्नसंचांत क्वचितच सापडतो.

याच गावांत सप्ताहाच्या दिवसांत वाचनाची अगदी दुसरी रीत चालते. कीर्तनकार चार चरणांचा एक अभंग निरूपणाला घेतो आणि दोन तास त्याच्यातून अर्थ काढत राहतो. टाळकरी ते वर्षानुवर्षे ऐकतात आणि गेल्या वर्षीचा अर्थ चुकला होता असे कोणी म्हणत नाही. या रीतीला परीक्षेहून श्रेष्ठ ठरवण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण निरूपणात श्रोत्याने काही ठरवायचे नसते, आणि ज्याला कधीच काही ठरवावे लागत नाही त्याची फसवणूक सोपी असते.

ती फसवणूक या भागाने पाहिली आहे. माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल, जे २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हुतात्मा झाले, त्यांनी भूमिगत लढ्याच्या आधी कर्जतच्या खेड्यांत शाळा आणि धान्यकोठ्या यांची कामे जोडीने हाती घेतली होती, कारण सावकाराच्या कागदावर काय लिहिले आहे हे न कळणे आणि घरातले भात संपणे या तेथे एकाच दुःखाच्या दोन बाजू होत्या. आज सातबारा, खरेदीखत आणि वनहक्काचा दावा हे तेथले खरे उतारे आहेत. त्यांखाली पर्याय छापलेले नसतात. पूर्वपक्ष वाचणाऱ्यालाच उभा करावा लागतो, आणि या कलमाचा आणखी कोणता अर्थ समोरचा लावू शकेल हे त्याला आधी सुचावे लागते.

हे सुचणे सरावाच्या वर्गात आणता येते. प्रत्येक उताऱ्यावरच्या एखाद्याच प्रश्नापुरते बरोबर उत्तर आधी सांगून टाकावे, आणि उरलेले तीन पर्याय कोणाला कशामुळे खरे वाटले असते व उताऱ्यातले कोणते वाक्य त्यांना आडवे येते, हे मुलांनी बोलून दाखवावे. राब भाजलेल्या मुलीला तिचा दुसरा पर्याय कोठे खरा आहे आणि येथे का चालत नाही, हे दोन्ही म्हणता यावे. याला वेळ लागतो, आणि दोनशिक्षकी शाळेत चार इयत्ता सांभाळणाऱ्या गुरुजींकडे तो किती असतो हे उघड आहे. शिवाय दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडाशी परततात, आणि शिष्यवृत्तीची परीक्षा साधारणपणे फेब्रुवारीत होते. म्हणून ज्या वाड्यांना कागद वाचण्याची सर्वांत जास्त गरज आहे तेथली पुष्कळ मुले उतारा समोर येतो त्या दिवशी वर्गात नसतात. श्रवणाच्या आधी उपस्थिती लागते, या गोष्टीचा विचार कोणत्याही दर्शनाने केलेला नाही; तो तालुक्याच्या शिक्षण विभागाला आणि भट्टीमालकाला करावा लागतो.