शस्त्रक्रिया दिल्लीत, पुढची वर्षं झाशीत

2022 च्या फेब्रुवारीत उज्जैनच्या जाहीर सभेत नितीन गडकरींनी तिथले खासदार अनिल फिरोजिया यांना आव्हान दिलं: जितके किलो वजन उतरवाल, तितके हजार कोटी रुपये मतदारसंघाच्या विकासाला देतो. बातमी देशभर गाजली. त्याच भाषणात गडकरींनी स्वतःच्या वजनाचे दोन आकडे सांगितले होते, ते मात्र मागे पडले. आपलं वजन एकेकाळी 135 किलो होतं आणि आता 93 आहे, असं ते म्हणाले. त्यांची बॅरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रिया 2011 मध्ये मुंबईत झाली होती. मला यातलं नवल वाटतं ते दहा वर्षांचं. पोट लहान करून घेतल्यावर वर्षभरात तीस-चाळीस किलो उतरणारी माणसं आता पुष्कळ आहेत. दशकानंतर तोच काटा जवळपास तिथेच ठेवणं कठीण असतं, आणि त्याबद्दल आपल्याकडे कोणी बोलत नाही.

गडकरींना वैद्यकीय सल्ला एका फोनवर मिळतो. स्वयंपाक, व्यायाम, तपासण्या यांची व्यवस्था लावता येते. त्यांच्या शिस्तीचं श्रेय त्यांचंच. पण हाच प्रवास झाशीतल्या पन्नाशीच्या गृहिणीला करायचा असेल तर?

झाशीहून दिल्ली रेल्वेने सुमारे 400 किलोमीटर, भोपाळ 300 च्या आसपास, मुंबई 1,100 च्या पुढे. अठराव्या शतकात नारोशंकरांच्या सुभेदारीबरोबर मराठी घरं इथे आली आणि रुजली. ज्या गणेश मंदिरात लक्ष्मीबाईंचं लग्न लागलं, तिथे आजही मराठी कुटुंबं जमतात. या घरांची नाती इंदूर, नागपूर, पुण्यापर्यंत पसरलेली. आजारपण मोठं असलं की कुठे मावशी असते, कुठे आत्या. तिच्याकडे उतरून ऑपरेशन होतं, टाके काढून माणूस गाडीत बसतो. पहिल्या वर्षी तो तपासणीला दोनदा-तीनदा जातो. दुसऱ्या वर्षी मुलाची परीक्षा असते, तिसऱ्या वर्षी तिकीट मिळत नाही. मग फेऱ्या थांबतात, आणि नेमकं तेव्हाच वजन हळूहळू वर सरकू लागतं.

ते का सरकतं, हे घरच्यांनी समजून घ्यायला हवं. वजन उतरलं की शरीर त्याला संकट समजतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2011 मध्ये दाखवलं की आहार कमी करून वजन उतरवलेल्यांच्या रक्तातली भुकेची संप्रेरकं वर्षभरानंतरही चढलेलीच होती. अमेरिकेत वजन उतरवण्याच्या एका दूरचित्रवाणी स्पर्धेतल्या 14 जणांना सहा वर्षांनी तपासलं, तेव्हा त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा रोज सुमारे 500 कॅलरी कमी जाळत होतं. शस्त्रक्रिया वेगळी ठरते ती इथे. स्लीव्ह या प्रकारात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून टाकतात, आणि भूक चाळवणारं घ्रेलिन मुख्यतः त्याच भागात तयार होतं. बायपास या प्रकारात अन्नाची वाट बदलते, आतड्यातून तृप्तीचे संदेश लवकर आणि जोराने जातात. नुसत्या पथ्याने जे साधत नाही ते म्हणूनच इथे साधतं. पण हा लाभ पहिल्या दीड-दोन वर्षांत सर्वांत जास्त असतो. पुढे भूक थोडी थोडी परतते, जठराची नळी काहीशी सैलावते, आणि हलक्या झालेल्या शरीराला लागणारी ऊर्जाही कमी झालेली असते.

किती परत येतं? 1987 पासून चाललेल्या स्वीडनच्या मोठ्या अभ्यासात बायपास केलेल्यांचं वजन एक-दोन वर्षांत सरासरी 32 टक्क्यांनी उतरलं होतं. दहा वर्षांनी ती घट 25 टक्क्यांवर स्थिरावली. म्हणजे 120 किलोचा माणूस आधी 82 च्या आसपास येतो आणि दहाव्या वर्षी 90 ला असतो. ते आठ किलो म्हणजे अपयश नव्हे, तो बहुतेकांचा रस्ता आहे. त्याच अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांना मृत्यूचा धोका न झालेल्यांपेक्षा सुमारे 29 टक्क्यांनी कमी आढळला. मधुमेहाचं चित्र मात्र सावध करणारं आहे: दोन वर्षांनी 72 टक्के रुग्णांचा मधुमेह हटला होता, दहा वर्षांनी 36 टक्क्यांचाच हटलेला राहिला. साखर एकदा उतरली म्हणून तपासणी सोडणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

आता दिवाळीच्या फराळाबद्दल बोलतो, कारण वजन परत येतं ते बहुधा ताटातल्या जेवणातून नाही. लहान झालेलं पोट दोन भाकऱ्या आणि वाटीभर उसळ घेतली की अडतं, कधी उलटून टाकतं. चिवडा, शेव, शंकरपाळे, चहात बुडवलेली बिस्किटं, श्रीखंड, आइस्क्रीम यांना ते अडवत नाही. हे पदार्थ सरसर खाली उतरतात आणि अर्ध्या तासाने पुन्हा जागा होते. डबा ओट्यावर उघडा असला की येता-जाता एक मूठ, आणि दिवसाअखेरी जेवण कमी होऊनही कॅलरी पुरेपूर. झाशीत त्यात पेढे आणि सकाळच्या कचोरी-जलेबीची भर. चरत राहण्याची ही सवय वजन परतण्याशी सर्वाधिक जोडलेली आढळते. अडचण अशी की उसळ जड जाते म्हणून माणूस मऊ, गोड, तेलकट गोष्टींकडे वळतो आणि घरचे त्यालाच ‘हलकं खाणं’ म्हणतात. ताटात आधी डाळ, पनीर, अंडं, दही, मासे खाणाऱ्यांच्या घरी मासे, आणि पोळी-भात शेवटी, हा क्रम वर्षानुवर्षं पाळायचा असतो. रोज साठ-सत्तर ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत; नाहीतर चरबीबरोबर स्नायू झिजतात आणि स्नायू झिजले की वजन परतायला वाट मोकळी होते. नैवेद्याचा मोदक कोणी नाकारू नये. तो पानावर बसून, जेवणाचा भाग म्हणून खावा.

शाकाहारी घरांसाठी आणखी एक धोका आहे. बी-12 मुळात कमी, त्यात शस्त्रक्रियेने त्याचं शोषण घटतं. लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांचंही तेच. गोळ्या आयुष्यभर घ्यायच्या असतात. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ‘आता बरं आहे’ म्हणून त्या बंद होतात. मग पायांना मुंग्या येतात, केस गळतात, थकवा येतो आणि चालणं सुटतं. मद्याबाबतही घरात स्पष्ट बोललं पाहिजे. बायपासनंतर दारू लवकर आणि जास्त चढते आणि व्यसनाचा धोका वाढतो.

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलं आहे की भारतीय शरीर बाहेरून सडपातळ दिसतानाही आत चरबी बाळगून असतं. लंडनचे डॉ. जॉन युडकिन आणि ते स्वतः, दोघांचा बीएमआय 22.3, चरबी मात्र एकाची 9.1 टक्के, दुसऱ्याची 21.2. दुप्पट चरबी याज्ञिकांची होती. म्हणून आपल्याकडे काट्याइतकीच कमरेची टेप आणि रक्तातली साखर महत्त्वाची.

माझा सर्वांत मोठा आक्षेप लाज आणण्याच्या आपल्या सवयीवर आहे. 2017 मध्ये इजिप्तची अतिस्थूल इमान अहमद उपचारासाठी मुंबईत आली, तेव्हा तिचे किती किलो उतरले याच्या बातम्या सतत येत होत्या. त्याच वर्षी सप्टेंबरात अबुधाबीत तिचा मृत्यू झाला. तिचा आजार अपवादात्मक होता, पण किलो मोजणारी ती नजर घराघरात आहे. हळदीकुंकवाला, लग्नात, फाटकातच विचारतात, ‘एवढे पैसे घालून पुन्हा सुटलीस?’ ती बाई पुढच्या तपासणीला जात नाही. डॉक्टरांसमोर काट्यावर उभं राहण्याची तिला भीती वाटते. रक्तदाब परतला म्हणून गोळी वाढवून घेणाऱ्याला कोणी असं विचारत नाही. स्थूलता हा दीर्घकाळ चालणारा आजार आहे, उपचारानंतर तो डोकं वर काढू शकतो, आणि तेव्हा पुन्हा उपचार असतात: आहाराची फेरआखणी, औषध, क्वचित दुसरी शस्त्रक्रिया. 2025 मध्ये टिर्झेपेटाइड आणि सेमाग्लुटाइडची वजनासाठीची इंजेक्शनं भारतात आली. तीही थांबवली की वजन परततं. सेमाग्लुटाइडच्या एका चाचणीत इंजेक्शन बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन-तृतीयांश भाग परत आला. विमा नियामकाच्या नियमांत ठरावीक बीएमआयच्या पुढे शस्त्रक्रियेला संरक्षण आहे, पण नंतरच्या वर्षांच्या गोळ्या आणि आहारतज्ज्ञाची फी बहुतेक पॉलिसींत रुग्णाच्याच खिशातून जाते. हे उलटं गणित बदललं पाहिजे.

वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 च्या धामधुमीत झाशीत होते. त्यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये राणीच्या पहाटेच्या व्यायामाची, मल्लखांबाची आणि घोड्यावरच्या फेरीची हकिगत येते. तिच्याच शहरात आज पन्नाशीच्या बाईला सकाळचा अर्धा तास चालायला मिळायचं, तर डबे, चहा आणि पूजा दुसऱ्या कोणीतरी हाती घ्यावी लागते. हा अर्धा तास तिच्या इच्छाशक्तीवर सोडणं अन्याय आहे. तो घराने द्यायचा आहे.

झाशीत 1968 पासून महाराणी लक्ष्मीबाई मेडिकल कॉलेज आहे. हिमोग्लोबिन, बी-12, कॅल्शियम, साखर यांच्या तपासणीसाठी दिल्लीची गाडी पकडायची गरज नाही. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी रुग्णाला घरी सोडतानाच त्याच्या गावातल्या एका फिजिशियनच्या नावे पत्र द्यावं: कोणती शस्त्रक्रिया केली, कोणत्या गोळ्या चालू ठेवायच्या, कोणत्या तपासण्या कधी करायच्या. उरलेल्या शंकांसाठी व्हिडिओ कॉल पुरतो. रुग्णांनी ते पत्र मागून घ्यावं. वर्षातून एकदा रक्त तपासावं, महिन्यातून एकदा काट्यावर उभं राहावं. आणि पाच किलो परत आले, तर पुढच्या दिवाळीपर्यंत लपवू नये, त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटावं.