जुन्या घराची भिंत

(वाचनाचा भाग : लेवीय 14.33–48)



मोशेच्या नियमशास्त्रांत घरासंबंधीं एक विलक्षण नियम आहे, आणि त्यावर आमच्या मंडळ्यांतून उपदेश क्वचितच होतो. इस्राएल लोक कनान देशांत जीं घरें घेणार होते तीं बहुधा त्यांनीं स्वतः बांधलेलीं नव्हतीं. दुसऱ्यांनीं बांधलेलीं, दुसऱ्यांनीं भोगलेलीं, अशीं तीं जुनीं घरें होतीं. अशा घराच्या भिंतींत हिरवट किंवा तांबूस चट्टे दिसले, आणि ते वरवरचे नसून आंत खोल गेलेले वाटले, तर घरधन्यानें याजकाकडे जावें असें तेथें सांगितलें आहे. याजक येण्यापूर्वीं घर रिकामें करावयाचें. त्यानें भिंत पाहिली कीं घर सात दिवस बंद ठेवावयाचें. सातव्या दिवशीं पुन्हा पाहावयाचें. चट्टा पसरला असेल तर तेवढे दगड काढून गांवाबाहेर टाकावयाचे, घर आंतून सगळें खरवडावयाचें, दुसरे दगड बसवून नवा गिलावा करावयाचा. इतकें करूनही चट्टा परत उमटला तर घर पाडावयाचें.

ह्या ठिकाणीं पुष्कळ उपदेशक लागलीच भिंत सोडून अंतःकरणाकडे वळतात. तसें वळण्यांत चूक नाहीं. पण आज आपण थोडा वेळ भिंतीपाशींच थांबूं. कारण देवळीसारख्या ठिकाणीं जुनें घर विकत घ्यावें, नीट करावें, आणि मग राहावयास जावें, हा विचार अनेक कुटुंबांत चालतो. आणि कित्येक वर्षांच्या कापसाची, मजुरीची, नोकरीची शिल्लक त्यांत एका सहीनें जाते.

पाहा, याजकाला घरीं बोलावलें तें कशासाठीं? आशीर्वाद देण्यासाठीं नव्हे, तर भिंत पाहण्यासाठीं. आमच्याकडे क्रम उलटा झाला आहे. व्यवहार होतो, रंग लागतो, मांडव पडतो, आणि मग उपदेशकांस प्रार्थनेला बोलावणें जातें. त्यांनीं विचारलें कीं बाबांनो, ही खालची भिंत ओली कां दिसते, तर तें अशुभ बोलणें ठरतें! उपदेशक बंधूंनो, आपणांस बोलावणें सहीच्या आधीं यावें अशी वहिवाट आपल्या मंडळींत पाडा. आपणांस गवंडीकाम येत नसेल. पण ज्यास येतें अशा एका जाणत्या मनुष्यास बरोबर घेऊन जाणें आपणांस येतेंच.

आतां देवळीच्या जुन्या वस्तींत असें एक घर विकाऊ आहे असें समजा. मातीच्या भिंती, सागाचे खांब, वर कवेलू, मागें लहानसें अंगण. गिऱ्हाईक तें चैत्रांत पाहतें, कारण कापसाचे पैसे तोंवर हातीं आलेले असतात. पण चैत्रांत प्रत्येक भिंत कोरडी असते. वर्धा जिल्ह्याची काळी जमीन पावसांत फुगते आणि उन्हाळ्यांत आकसून तिला भेगा पडतात. ज्या घराचा पाया त्या मातीतच थांबला, खालच्या मुरमापर्यंत पोहोंचला नाहीं, तें घर दरवर्षीं थोडें वर उचललें जातें व थोडें खालीं बसतें. म्हणून भिंतीच्या मध्यावर पाहूं नका, खालच्या दोन हातांत पाहा. तेथें पांढरी पूड सुटत असेल तर भिंतीस लोणा लागला आहे, म्हणजे जमिनीची ओल वर चढत आहे. चौकटीच्या कोपऱ्यांतून तिरपी भेग गेली असेल तर तिच्यावर चुन्याचा एक टिळा लावा आणि शेजारीं तारीख लिहा. टिळा फुटला तर भिंत अजून हालत आहे. खांबाचें बूड टोकरून पाहा, वाळवी नेहमीं तेथूनच येते. आणि श्रावणांत पाणी कोठें तुंबतें तें मालकास न विचारतां शेजारच्या म्हातारीस विचारा.

एकाच खोलींत, एकाच भिंतीवर, जमिनीपासून कमरेपर्यंत ताजा रंग दिसला तर तेथें अधिक वेळ थांबा. विकणाऱ्यानेंही हें ऐकावें. घराचा जो मोठा दोष घेणाऱ्यास साधारण काळजीनें पाहून कळण्यासारखा नाहीं, आणि विकणाऱ्यास मात्र ठाऊक आहे, तो सांगणें विकणाऱ्यावर बंधनकारक आहे असें 1882 च्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यांत लिहिलें आहे. जो मनुष्य लोणा रंगाखालीं झांकून घर विकतो तो कायद्याच्या आधीं देवापुढें उत्तरदायी आहे.

परंतु सर्वांत खोल गेलेला चट्टा भिंतींत दिसत नाहीं, तो कागदांत असतो.

यिर्मया संदेष्ट्यानें अनाथोथ येथील शेत आपला चुलतभाऊ हनामेल ह्याजकडून विकत घेतलें तेव्हां यरुशलेमेस वेढा पडलेला होता. तशा दिवसांतही, आणि घरच्याच माणसाशीं व्यवहार असतांही, त्यानें सतरा शेकेल रुपें तराजूंत तोलून दिलें, लेख केला, साक्षीदार बोलाविले, मोहर केलेली एक प्रत आणि उघडी एक प्रत केली, आणि दोन्ही मडक्यांत घालून ठेवविल्या. “आपलाच माणूस आहे, साध्या कागदावर लिहून घेऊं” असें तो म्हणाला नाहीं. आमच्या देशांत शंभर रुपयांच्या वरचें घर साध्या कागदावर विकतां येत नाहीं. खरेदीखताची नोंदणी झालीच पाहिजे. त्यापूर्वीं भूमापन कार्यालयांतील मालमत्ता पत्रक, नगर परिषदेच्या कराची पावती, आणि दुय्यम निबंधकाकडील मागील व्यवहारांच्या सूची, ह्या पाहावयाच्या. कर थकला असेल तर तो विक्रीपूर्वीं विकणाऱ्यानें भरावयाचा.

आणि मग मुख्य प्रश्न: हें घर कोणाचें? “वडिलांचें होतें, आतां आम्हां दोघां भावांचें,” असें उत्तर येतें. बहीण नाहीं कां? आहे, पण ती दिली आहे हिंगणघाटास, किंवा पुलगांवास, किंवा यवतमाळास. तिचें येथें काय? बंधूंनो, तिचें येथें पुष्कळ आहे. आम्हां ख्रिस्ती लोकांस लागू असलेल्या 1925 च्या वारसा कायद्यांत मृत्युपत्र नसल्यास मुलगा व मुलगी ह्यांचा वाटा सारखा आहे. आपल्या हिंदु व बौद्ध शेजाऱ्यांस लागू असलेल्या कायद्यानें 1956 पासून मुलीस बापाच्या मिळकतींत वारसा दिला, आणि 2005 च्या दुरुस्तीनें वडिलोपार्जित मिळकतींतही तिचा हक्क मुलाइतकाच केला. विधवा आईचाही वाटा आहे. ह्या सर्वांच्या सह्या, किंवा रीतसर नोंदलेलें हक्कसोडपत्र, असल्याशिवाय जो घर घेतो तो अर्धवट घर घेतो.

ही केवळ कोर्टाची भीति नव्हे. सलाफहादास मुलगा नव्हता. त्याच्या पांच मुली, महला, नोआ, होग्ला, मिल्का व तिरसा, मोशे, याजक व सर्व सरदार ह्यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनीं बापाच्या वतनांत वाटा मागितला. मोशेनें तें प्रकरण परमेश्वरापुढें नेलें, आणि परमेश्वरानें निकाल दिला कीं त्या मुलींचें म्हणणें बरोबर आहे. तेव्हां घर स्वस्त मिळत असेल तर विचारा कीं तें कोणाच्या वाट्यानें स्वस्त झालें. “ताई कांहीं म्हणणार नाहीं,” असें भाऊ सांगतील. मग ताईच्या घरीं जा, चहा घ्या, आणि तिच्याच तोंडून ऐका. एका दिवसाचें एस. टी. चें भाडें जाईल. भावांस हें रुचलें नाहीं आणि त्यांनीं दुसरें गिऱ्हाईक पाहिलें तर पाहूं द्या. तें घर आपणांस नको होतें.

कागद झाल्यावरही हातोडा लागलीच उचलूं नका. जें घर वाढवावयाचें किंवा मोडून बदलावयाचें त्यास नगर परिषदेची परवानगी लागते, आणि ही गोष्ट लहान माणसांसच लागू आहे असें नाहीं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर विद्यार्थिदशेंत लंडनमध्यें ज्या घरांत राहिले तें घर महाराष्ट्र सरकारनें 2015 सालीं विकत घेतलें व त्याचें स्मारक केलें. परंतु राहत्या घराचें स्मारक करण्यास तेथील स्थानिक परिषदेची परवानगी हवी होती; ती परिषदेनें 2018 सालीं नाकारली, चौकशी झाली, आणि 2020 सालीं वरिष्ठांकडून मान्यता मिळाली. एवढ्या मोठ्या सरकारास जो फेरा पडला तो आपण आधींच अर्ज करून टाळावा.

आतां दुरुस्ती. नहेम्या यरुशलेमेस आला तेव्हां तीन दिवस तो कांहीं बोलला नाहीं. मग रात्रीं थोडीं माणसें घेऊन तट कोठें कोठें पडला आहे तें स्वतः फिरून पाहून आला, आणि त्यानंतरच लोकांशीं बोलला. आमच्या घरांत मात्र पहिलें बोलणें फरशीच्या रंगाचें होतें! प्रथम पाणी बाहेर काढा: कवेलू फिरवून घ्या, वळचणीचें पाणी जोत्यापासून दूर पडेल असें करा, नाली साफ वाहती करा. मग लांकूड. मग भिंत. विजेच्या जुन्या तारा बदलून अर्थिंग करून घ्या. फरशी व रंग सर्वांच्या शेवटीं. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा करूं नका. तो भिंतीस नीट धरत नाहीं, आणि आंतली ओल आंतच कोंडतो, मग माती आंतल्या आंत कुजते. माती-भुशाचा किंवा चुन्याचा गिलावा ओल बाहेर जाऊं देतो. मातीचें घर म्हणजे गरिबाची लाज असें कोणी म्हणेल, तर त्यास सेवाग्रामास घेऊन जा. बापू कुटी प्रथम मीराबेन ह्यांच्यासाठीं होती. पुढें गांधीजी तींत राहावयास आले. आणि ती मातीची कुटी वेळोवेळीं डागडुजी होत असल्यामुळें आजही उभी आहे.

दगडी घर घेत असाल तर किल्लारी विसरूं नका. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटें लातूर व धाराशिव भागांत भूकंप झाला आणि हजारों माणसें झोपेंतच गाडलीं गेलीं. तेथील भिंती जाड होत्या, पण बाहेरचा थर व आंतला थर ह्यांस एकत्र बांधणारे आरपार दगड त्यांत नव्हते. मध्यें माती व खडी भरलेली. वर धाब्याच्या मातीचें भारी ओझें. धक्का बसतांच दोन थर दोन बाजूंस फांकले आणि छत खालीं आलें. त्यानंतर ज्या जुन्या घरांची बळकटी करण्यांत आली त्यांत भिंतींत असे आरपार दुवे बसवणें व धाब्याचें ओझें हलकें करणें हीं कामें मुख्य होतीं. म्हणून बैठकीची खोली मोठी व्हावी एवढ्यासाठीं मधली भिंत काढूं पाहाल तर थांबा, आणि तिच्यावर काय टेकलें आहे तें आधीं पाहा.

बुरूज बांधण्यापूर्वीं बसून खर्चाचा हिशेब करणाऱ्या मनुष्याविषयीं प्रभूनें सांगितलें, तें आपणांस पाठ आहे. जुन्या घरांत तो हिशेब अधिक कठीण, कारण गिलावा खरवडल्यावर आंत काय निघेल तें कोणास ठाऊक? म्हणून दुरुस्तीच्या रकमेचा निदान पांचवा हिस्सा बाजूस ठेवून मगच घराची किंमत ठरवा. आणि ती रक्कम संपत आली म्हणजे गवंड्याची व रेजाची मजुरी अडकवूं नका. मजुराचें वेतन सूर्य मावळण्यापूर्वीं द्यावें ही आज्ञा आहे.

एवढ्यांत मृग येईल, शाळा सुरू होतील, आणि घरांतून बोलणें निघेल कीं भाडें कशाला भरावयाचें, जाऊं या तसेंच. बोलणें समजण्यासारखें आहे. दोन्हीकडे पैसा जातो तेव्हां जीव तुटतो. परंतु याजकानें घर सात दिवस बंद ठेवलें तें कां, ह्याचा विचार करा. आपल्या देवळीस ते सात दिवस म्हणजे एक पावसाळा. छपराचें व नालीचें काम करून घ्या, भिंत खरवडून उघडी ठेवा, आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर दिवा घेऊन आंत जा. टिळे पाहा, कोपरे हातानें चांचपा, वरून कोठें ठिबकतें तेथें खूण करा. आश्विनांत भिंती कोरड्या असल्या म्हणजे गिलावा करा, सामान हालवा, उपदेशकांस प्रार्थनेला बोलवा, आणि ताईसही निरोप धाडा.