योगेश्वरी आईला

आई योगेश्वरी,

आता तुझ्या दर्शनाला यायचं तर मला दिवस मोजावे लागत नाहीत. सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे ती गेली, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. ‘सुटलीस बाई,’ जाऊबाई म्हणाल्या. सुटले खरी, त्याची ओटी भरायला आलेच आहे. पण पाळीबरोबर अंगातून आणखी काय गेलं, ते घरातल्या एकाही थोरलीनं कधी सांगितलं नव्हतं. म्हणून तुझ्याशी बोलते.

रात्री छातीतून एकाएकी झळ उठते, मान-तोंड तापतं, पोलकं घामानं भिजतं आणि जरा वेळानं हुडहुडी भरते. मधूनच धडधडतं. एकदा मोडलेली झोप परत लागत नाही, मग सकाळी साध्या बोलण्यावर मी खेकसते. आई, हे सोसायची ताकद मी मागत नाही. ती आम्हा बायकांकडे हवी त्याहून जास्तच आहे, आणि तिनंच आमचं नुकसान केलंय. मला बोलायचा धीर दे. ‘वयच झालं’ म्हणून दवाखान्यात कुणी बोळवण केली तर खुर्चीवरून न उठता पुन्हा विचारण्याइतका दे.

पाळीबरोबर गेलं ते इस्ट्रोजेन हे हार्मोन. ते रक्तवाहिन्या लवचिक ठेवतं, कोलेस्टेरॉलला आवर घालतं, हाडं राखतं. ते ओसरलं की बाईचं हृदय उघड्यावर पडतं. हार्ट अटॅक हा बाप्यांचा आजार, ही समजूत माझ्या घरातून घालव. बाईच्याही छातीत कळ येते, पण कधी नुसती धाप लागते, जबडा किंवा पाठ दुखते, मळमळतं, अंगातलं त्राण जातं. आणि ती पित्त झालं म्हणून लिंबू-सोडा पिऊन भांडी घासायला बसते. त्या घटकेला तिला उठवून दवाखान्यात नेणारं कुणीतरी घरात असू दे. पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून गेलं, तर तेही तिनं लपवू नये.

हार्मोनच्या गोळ्यांचं तुला काय सांगू! २००२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासानंतर जगभर त्यांची धास्ती बसली. पुढे कळलं की साठीच्या आत आणि पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत सुरू केल्या, तर बहुतेकींना धोक्यापेक्षा फायदा जास्त होतो. पण स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेलीला सहसा त्या देत नाहीत. नुसतं हृदय राखायला म्हणूनही त्या द्यायच्या नसतात. माझ्या अंगाला काय मानवेल हे शेजारणीच्या सांगण्यावर ठरवायची बुद्धी मला देऊ नकोस.

माझं एवढंच. आता तुझ्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचं ऐक.

मार्गशीर्षात तुझा उत्सव भरतो, तेव्हा त्या तुझ्या दारात नसतात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात उसाच्या फडात असतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल दोघांच्या नावावर, आणि एक दिवस खाडा झाला की मुकादम पैसे कापतो. पाळीत पोट दुखलं तरी डोक्यावर मोळी. पालाच्या खोपीजवळ ना न्हाणी ना संडास. अंगावरून पांढरं जातं म्हणून दाखवायला गेलेलीला ‘कॅन्सर होईल’ असं भेडसावून गर्भपिशवी काढली गेली. २०१९ साली सरकारनं याच्या चौकशीला समिती नेमली. बीडमध्ये विचारपूस केलेल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. कित्येकींनी पस्तिशीही गाठलेली नव्हती.

पिशवीबरोबर अंडाशयंही गेली, तर माझ्याकडे पन्नाशीत सावकाश आलेलं हे सगळं त्यांच्यावर एकदम कोसळतं. अंडाशयं ठेवली तरी त्यांचं काम वेळेआधी थांबू शकतं. म्हणजे हाडं लवकर ठिसूळ, हृदयाचा धोका लवकर, आणि हातात कोयता तोच. अशांना चालत असेल तर नेहमीची पाळी जायच्या वयापर्यंत हार्मोन द्यावेत, असं वैद्यकशास्त्र सांगतं. त्यांना हे कोण सांगणार? टाके सुकायच्या आत त्या मोळी उचलतात, आणि अंग पेटतं ते उन्हानंच, असं धरून चालतात.

तू लग्नावाचून राहिलेली देवी. बाईचं अंग मुलांपुरतंच कामाचं आणि मुलं झाली की पिशवी अडगळ, हा हिशेब तुला पटणार नाही, असं मी धरून चालते.

म्हणून मागते ते असं: दसरा-दिवाळीनंतर टोळ्या निघतील. गाडीत बसण्याआधी गावच्या उपकेंद्रात प्रत्येक बाईचं बीपी आणि साखर तपासली जाऊ दे. जिची पिशवी काढलीय, तिची अंडाशयं ठेवलीत की काढलीत हे तिच्या कागदावर लिहिलेलं असू दे, आणि तो कागद तिच्या हातात असू दे. फड कुठल्याही जिल्ह्यात असो, तिथल्या डॉक्टरनं तो वाचू दे. आणि तपासणीच्या त्या दिवसाचा खाडा, आई, कुणी लावू नये.